साल सरल्यावर गडी कोणाचा?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने जून महिन्यात संपतात आणि मग सामन्यांहूनही मोठी चर्चा सुरू होते. कोणाचा करार संपला, कोण आहे त्याच संघात राहणार, कोण दुसरीकडे जाणार, कोणी हातातले एक वर्ष आपण होऊन सोडून दिले, याच बातम्या. ज्याचा करार संपला आणि ज्याच्यावर कोणत्याही संघाचा हक्क उरला नाही, त्याला तिकडे ‘फ्री एजंट’ म्हणतात. आपण त्याला मुक्त खेळाडू म्हणू.

मी गुरुकुंज मोझरीला शिक्षक आहे. इथली पोरे हे सारे मोबाइलवर पाहतात आणि मधल्या सुट्टीत मला विचारतात, ‘‘सर, त्याचा करार तं सरलाच नव्हता, मंग त्यानं सोडला काहून?’’ प्रश्न चांगला आहे. पण कोट्यवधी डॉलरच्या करारांचा या त्रैमासिकाच्या वाचकाशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध दोन प्रकारचा आहे. मुदत संपल्यावर श्रम करणारा माणूस कोणाचा, या प्रश्नाचा हा एक फार स्पष्ट, आकड्यांत मांडलेला नमुना आहे. आणि हा प्रश्न ज्यांनी न्यायालयात नेऊन सोडवून घेतला त्यांत गुलामांचे वंशज पुढे होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांनी कायद्याने गुलामी संपवली होती खरी. पण करारात ती किती वर्षे दडून राहिली, हे या खेळाच्या इतिहासात दिसते.

वऱ्हाडातल्या वाचकाला हा प्रश्न समजावून द्यायला मला आधी अमेरिकेत जावे लागत नाही. माझे वडील तिवसा तालुक्यातल्या एका वाड्यावर नऊ वर्षे सालगडी होते. आपल्याकडे साल पाडव्याला बसते आणि पाडव्याला सरते. वर्षाची रोख रक्कम ठरते, महिन्याची जवारी ठरते, कपडा-जोडा ठरतो. कागद नसतो, शब्द असतो आणि मालकाची वही असते. पाडव्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस गावात बोलणी चालतात. या दिवसांत गडी तत्त्वतः मोकळा असतो. त्याने दुसऱ्या वाड्यावर जावे, जास्त मागावे, किंवा सालच करू नये. पण वहीत उचल लिहिलेली असते. बहिणीच्या लग्नाची, आईच्या दवाखान्याची. ती फिटल्याशिवाय वाडा सुटत नाही. नव्या मालकाने ती भरली तरच गडी हलतो, म्हणजे एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. वडील म्हणत, ‘‘पाडव्याले साल सरते बापू, उचल नाई सरत.’’ कराराचा कायदा मी पुढे पुस्तकांतून वाचला, पण त्यातली मेख मला या वाक्याने आधीच सांगितली होती. मुदत संपणे वेगळे आणि मालकाचा दावा संपणे वेगळे.

आता अमेरिका. तिथल्या व्यावसायिक खेळांत मालकांनी हाच दावा उचलीशिवाय, नुसत्या एका कलमाच्या जोरावर टिकवला होता. खेळाडूने एका संघाशी करार केला की मुदत संपल्यावर तो आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क संघाकडे राही. आणि मालकांचे म्हणणे असे की त्या वाढवलेल्या वर्षातही तेच कलम लागू आहे. एक वर्ष, मग आणखी एक, मग आणखी एक. खेळाडूने सही केली नाही तर त्याने घरी बसावे. दुसरा कोणताही संघ त्याला घेणार नाही, असा मालकांचा आपसांतला समझोता होता. मालकाला मात्र त्याला दुसऱ्या संघाला विकायची मुभा होती.

याला पहिला मोठा नकार आला बेसबॉलमधून. कर्ट फ्लड हा काळा खेळाडू सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळला. ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लडने बेसबॉलच्या आयुक्ताला पत्र लिहून कळवले की इतक्या वर्षांनंतर आपण खरेदी-विक्रीची वस्तू आहोत असे आपल्याला वाटत नाही. त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते. एवढ्या पगाराचा कसला गुलाम, असा प्रश्न दूरदर्शनच्या मुलाखतीत त्याला विचारला गेला, तेव्हा त्याच्या उत्तराचा आशय असा होता की पगार चांगला असला म्हणून गुलाम गुलाम राहायचा थांबत नाही. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन आला. त्या वेळी मैदानावर असलेल्या खेळाडूंपैकी एकही जण न्यायालयात येऊन बसला नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. तोवर त्याचा खेळ संपला होता.

ही एकट्याची लढाई. बास्केटबॉलवाल्यांनी वेगळ्या रीतीने लढाई केली, आणि मला वाटते आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावे असे प्रकरण ते आहे.

ऑस्कर रॉबर्टसन इंडियानापोलिसच्या काळ्या वस्तीत वाढला. क्रिस्पस ॲटक्स ही काळ्या मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. १९५५ साली तिने राज्याचे अजिंक्यपद मिळवले. विजेत्या संघाची मिरवणूक शहराच्या मध्यातून न नेता काळ्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवण्यात आली. गावातून वरात नेऊ न देण्याचे प्रकार ज्यांनी पाहिले त्यांना यावर भाष्य नको. हा रॉबर्टसन १९६५ साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. संघटना १९५४ पासून होती. १९६४ साली बॉस्टनमध्ये सगळे नामवंत खेळाडू एका प्रदर्शनी सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिले होते आणि निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरले नव्हते. म्हणजे एकत्र बसून नाही म्हणायचा सराव झालेला होता.

१९६७ साली प्रतिस्पर्धी लीग निघाली होती. दोन लीग झाल्याबरोबर खेळाडूंचे पगार वाढले. (आमच्याकडे आता शेतकरी कुरकुर करतात की सालगडी मिळत नाही, मिळाला तर लाखाच्या पुढे मागतो. का मागतो? पुणे, सुरत, नागपूरच्या कारखान्यांचा रस्ता त्याला सापडला म्हणून.) मालकांना हे परवडेना. त्यांनी दोन्ही लीग एक करायचे ठरवले. एप्रिल १९७० मध्ये रॉबर्टसन आणि निरनिराळ्या संघांतले आणखी तेरा खेळाडू मिळून न्यायालयात गेले: हे एकत्रीकरण आणि ते कायम वाढत राहणारे कलम म्हणजे मालकांची मक्तेदारी आहे. खटला सहा वर्षे चालला. मधल्या काळात स्पेन्सर हेवूड याने आणखी एक दार उघडले. हा मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीचा, कापूस वेचून पोट भरणाऱ्या घरातला; लहानपणी त्यानेही कापूस वेचला होता. शालेय शिक्षण संपून चार वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक खेळता येणार नाही, असा लीगचा नियम होता. घरची गरिबी चार वर्षे थांबत नाही, अशा अर्थाची त्याची बाजू होती. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल त्याच्या बाजूने लागला.

रॉबर्टसनचा खटला १९७६ साली तडजोडीने मिटला. ते कायमचे कलम गेले. रॉबर्टसन १९७४ सालीच निवृत्त झाला होता. त्याला स्वतःला त्यातून एकही नवा करार मिळाला नाही. आपल्याकडे त्याच १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे त्या कायद्याने बेकायदा ठरवले आणि अशी उचल फेडण्याचे बंधनही रद्द केले. तिकडच्या तडजोडीमागे अंमलबजावणी करून घेणारी संघटना होती. इकडच्या कायद्यामागे वाड्यावरच्या गड्याजवळ काय होते?

ही तडजोडही एका दमात पूर्ण झाली नाही, हे सांगितले पाहिजे. आधी काही वर्षे असे होते की खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर जुन्या संघाला भरपाई द्यायची. १९८० च्या सुमारास भरपाई जाऊन पहिल्या नकाराचा हक्क आला: दुसऱ्या संघाने जेवढे देऊ केले तेवढे देऊन जुना संघ खेळाडूला ठेवून घेऊ शके. पूर्ण मुक्तता १९८८ साली आली, तीही सात वर्षे खेळून दोन करार पुरे केलेल्यांना. टॉम चेंबर्स हा तिचा पहिला लाभार्थी. तो सिॲटल सोडून फीनिक्सला गेला. १९७० ते १९८८. अठरा वर्षे.

आज करार संपत आलेल्या खेळाडूसमोर काय काय असते, ते आता पोरांना सांगतो तसे सांगतो.

नवा खेळाडू आपला संघ निवडत नाही; संघ क्रमाने खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा करार चार वर्षांचा. त्यातली पहिली दोन पक्की, तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीचे. याला संघाचा पर्याय म्हणतात. चार वर्षे पुरी झाली की तो अर्धा मोकळा होतो. संघ त्याला एक वर्षाचा ठराविक रकमेचा प्रस्ताव देऊन आपला हक्क राखतो. मग दुसऱ्या संघाने त्याला कितीही देऊ केले तरी तेवढेच देऊन जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. खेळाडूला यातून सुटायचे असेल तर तो एक वर्षाचा कमी पैशाचा प्रस्ताव स्वीकारतो, वर्षभर जोखीम घेऊन खेळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होतो. फार थोडे हे धाडस करतात. का, ते पुढे येईल.

अनुभवी खेळाडू करार करताना शेवटचे वर्ष स्वतःच्या मर्जीचे लिहून घेऊ शकतो. हा खेळाडूचा पर्याय. पोरांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. लेब्रॉन जेम्सने २०१४ साली क्लीव्हलँडशी दोन वर्षांचा करार केला, दुसरे वर्ष स्वतःच्या पर्यायाचे ठेवले, आणि २०१५ साली ते सोडून नवा, मोठा करार केला. बाजारभाव वाढत असताना त्याने स्वतःला लांब मुदतीत बांधून घेतले नाही. उलट जून २०२५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने लॉस एंजेलिसच्या करारातला ५ कोटी २६ लाख डॉलरचा आपला पर्याय वापरला आणि जागेवर राहिला. पर्याय एकच, एकदा तो सोडण्यात शहाणपण होते, एकदा धरण्यात. महत्त्वाचे हे की शेवटच्या वर्षाचा निर्णय दोन्ही वेळा त्याच्या हातात होता.

तिसरा मार्ग मुदत संपण्याआधीच करार वाढवून घेण्याचा. यात बाजारात उभे राहायची वेळ येत नाही, भीतीही नाही. पण बाजारात जे जास्त मिळाले असते ते जाते. आणि चौथा, सगळे सोडून खुल्या बाजारात उतरण्याचा. तिथेही हात पूर्ण मोकळे नसतात. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरली. एका खेळाडूला, त्याची किती वर्षे झाली त्यानुसार, या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांपर्यंतच देता येते. आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवायचे असेल तर मात्र संघाला मर्यादा ओलांडता येते. लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. जुना संघ पाच वर्षांचा करार देऊ शकतो, नवा चारच वर्षांचा. म्हणजे जाणाऱ्याने काही पैसा मागे टाकून जायचे. उचल नाही, पण उंबरठा आहे.

हे सारे नियम मालकांनी एकतर्फी लादलेले नाहीत, खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेले आहेत. पण वाटाघाटीत कोण कधी वरचढ होते ते बदलते. २०११ साली मालकांनी टाळेबंदी केली आणि खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आणला. गिरणी कामगारांचा इतिहास वाचलेल्यांना टाळेबंदी हा शब्द नवा नाही.

आता जोखमीविषयी. आयझेया थॉमस हा जेमतेम पावणेसहा फुटांचा खेळाडू २०१६-१७ मध्ये बॉस्टनचा आधारस्तंभ होता. त्या मानाने त्याचा पगार फार थोडा होता, कारण करार आधीचा होता. तो २०१८ च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि तेव्हा आयुष्यातला मोठा करार होणार, हे सर्व गृहीत धरून चालले होते. एप्रिल २०१७ मध्ये त्याची बहीण अपघातात गेली. तरी तो खेळला. खुब्याची दुखापत होती. तरी तो खेळला. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले, पुढे त्या संघाने लॉस एंजेलिसला. २०१८ साली तो मुक्त झाला तेव्हा डेन्व्हरशी झालेला त्याचा करार एका वर्षाचा आणि किमान वेतनाचा होता. देह हेच ज्याचे भांडवल त्याची मुक्तता ही अशी तारखेवर टांगलेली असते. लांब मुदतीचा करार घेऊन टाकणाऱ्याला भित्रा म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

आणि जे नामवंत नाहीत त्यांचे काय? हंगामाच्या मध्यावर दहा दिवसांच्या करारावरही खेळाडू घेतले जातात. दहा दिवस झाले की पुन्हा रस्ता. हाही मुक्त खेळाडूच. त्याच्या मुक्ततेला अर्थ येतो तो संघटनेने ठरवून घेतलेल्या किमान वेतनामुळे आणि तीन हंगामांनंतर लागू होणाऱ्या निवृत्तिवेतनामुळे. वृत्तपत्रे लेब्रॉनविषयी लिहितात. मला या दहा दिवसांच्या माणसात जास्त रस आहे. आमच्याकडची रोजंदारी त्याला ओळखेल.

खुद्द लेब्रॉनही सुटला नाही, हे मात्र नोंदवतो. २०१० साली त्याचा करार संपला आणि तो क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला. कराराचा कोणताही भंग नव्हता. त्याच रात्री संघाच्या मालकाने जाहीर पत्र काढून त्याला भ्याड विश्वासघात म्हटले. जेसी जॅक्सन यांनी तेव्हा बोट ठेवले ते नेमके: हा मालक स्वतःला संघाचा नव्हे तर लेब्रॉनचा मालक समजतो, त्याच्याकडे पळालेल्या गुलामासारखे पाहतो. लीगने मालकाला एक लाख डॉलर दंड केला. पाडव्याला वाडा बदललेल्या गड्याला ‘निमकहराम’ म्हणताना मी आमच्या गावात ऐकले आहे.

आपल्या मैदानाकडे वळू. वऱ्हाडला खेळाची परंपरा मोठी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळ तिथे करून दाखवले, त्यांत कबड्डीही होती. पण त्या कबड्डीत पैसा नव्हता. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, पोलिसांत, एखाद्या कंपनीत नोकरी मिळे, हाच त्याचा करार. २०१४ साली प्रो कबड्डी लीग आली आणि लिलाव आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातल्या पोरांना हा पैसा मिळतो याचा मला आनंद आहे. ‘माणसांचा लिलाव’ म्हणून नाक मुरडणारे सहसा पोट भरलेले असतात.

तरी लिलावाची रचना पाहिली पाहिजे. त्यात बोलतो तो संघ. खेळाडूला कोण घेणार हे हातोडा पडल्यावर त्याला कळते. शिवाय आधीच्या संघाकडे ‘फायनल बिड मॅच’चा हक्क असतो: शेवटची बोली जितकी, तितके पैसे देऊन तो खेळाडू परत घेतो. २०२१ साली टायटन्सने हाच हक्क वापरून सिद्धार्थला १ कोटी ३० लाखांना ठेवून घेतले. हा अमेरिकेतला पहिल्या नकाराचा हक्कच आहे. पण तिथे त्या काळातही आधी खेळाडू दुसऱ्या संघाशी स्वतः बोलत असे, तो संघ निवडत असे. आपल्या लिलावात ही पहिली पायरीच नाही.

सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी संपाच्या हक्काची फोड अशी केली होती की आपली सेवा आपल्याला पटतील त्या अटींवर देण्याच्या स्वातंत्र्याचेच ते दुसरे नाव आहे. आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे. त्यानंतर ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला. फ्लडच्या पत्राच्या एकतीस वर्षे आधीची ही मांडणी. इथे गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी श्रमाची थोरवी गायिली आणि ‘ग्रामगीते’तून ती घरोघर गेली, त्या थोरवीला कराराची भाषा जोडायचे काम आमच्या शाळा-महाविद्यालयांनी करायचे होते, ते अजून बाकी आहे.

म्हणून सध्या मी मैदानावरच्या पोरांना एवढेच करायला लावतो. कोणत्याही क्लबचा, अकादमीचा कागद सहीसाठी हातात आला तर आधी शेवटच्या वर्षाचे कलम शोधायचे आणि ते वर्ष वाढवायचा निर्णय कोणाचा, हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचे. मग पाहायचे की दुखापत झाली तर पैसा थांबतो का; आगाऊ रक्कम दिली असेल तर मध्येच सोडल्यास ती कशी फिटते; मुदत संपल्यावर दुसरीकडे खेळायला जुन्या संघाची परवानगी लागते का. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागते. ते स्वतःच्या घरी असावे, क्लबच्या कपाटात नसावे. गेल्या पाडव्याला दोन पोरांनी हेच प्रश्न आपापल्या बापाच्या सालाला लावून पाहिले आणि मालकाच्या वहीतली उचल पहिल्यांदा वेगळ्या कागदावर उतरवून आणली.